चौदा नंबरचं बिल

४ मार्च

प्रिय शेंडेफळ,

तुझ्या गुडघ्यांची चौकशी शेवटी करते. आधी माझं डोकं फिरलंय ते ऐकून घे. फोनच केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि पुढच्या खोलीतल्या पलंगावरून यांना सगळं ऐकू जातं. म्हणून हा कागद.

जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीचं बाथरूम करायला घेतलंय हे तुला माहीत आहे. जुलैत यांची उजवी बाजू गेल्यापासून हे जिना चढलेले नाहीत, आणि आमचं बाथरूम वरच्या मजल्यावर. आठ महिने मी यांना स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मग्याने आंघोळ घालते आणि मग ओणवी होऊन सगळी फरशी पुसून काढते. हे तेवढा वेळ डोळे मिटून असतात. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर एका शिट्टीसरशी दोनशे पोरांना वळवलेला पी.टी.चा मास्तर, त्याला बायको साबण लावतेय हे बघवत नाही. दार लावून, आपल्या हाताने एक आंघोळ, एवढंच त्यांना हवंय. आणि खरं सांगायचं तर मलाही तेवढंच हवंय, कारण माझी कंबर आता माझं ऐकत नाही.

काम घेतलं चौदा नंबरने. हा यांचा जुना विद्यार्थी, आता बांधकामाची कंत्राटं घेतो. हे आपल्या विद्यार्थ्यांना अजून हजेरीच्या नंबरानेच हाक मारतात, त्यामुळे आमच्या घरात त्याला दुसरं नाव उरलेलं नाही. पन्नाशीचा बाप्या दारात 'सर, आत येऊ का?' म्हणून ताठ उभा राहतो. डिसेंबरात आला, मोजमापं घेतली आणि मला म्हणाला, "काकू, चार लाखांत सगळं बसवतो." सगळं. हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकलाय. त्या चार लाखांतले अडीच माझ्या बावीस वर्षांच्या शिवणकामाचे, दीड यांच्या मुदत ठेवीचे. त्यापलीकडे जे आहे ते औषधपाण्याचं.

फरशा लागल्या, नळ बसले. हात धरायचे दांडे, सरकतं दार आणि गरम पाण्याची जोडणी तेवढी राहिलीय. आणि परवा बिल आलं. चार लाख, आणि त्याखाली सुबक अक्षरात 'कर: साठ हजार'. हे काय म्हणून विचारलं तर मान खाली घालून म्हणतो, सरांशी बोला. सरांशी बोलले. सर म्हणाले, देऊन टाक आणि विषय संपव. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तर भर उन्हात परत जाणारा हा माणूस, साठ हजार देऊन टाक म्हणतो. आजाराने माणूस आतून किती खचतो ते मला त्या दिवशी कळलं.

तू जन्म कर खात्यात काढलास. सांग, हा कायदा आहे की लूट? तुझं उत्तर येईपर्यंत मी एक पैसा सोडत नाही.

तुझी ताई

ता. क. गुडघे कसे आहेत?

९ मार्च

ताई,

गुडघे जिथे होते तिथेच आहेत, फक्त बसायला सांगितलं की बसत नाहीत. त्यांचं सोड.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. खात्यात तीस वर्षं मी अशीच माणसं बघितली. ठरवताना काकू-काकू करायचं, आणि एकदा फरशा चिकटल्या की आता ही जाते कुठे म्हणून कराच्या नावाखाली वाट्टेल तो आकडा गळ्यात मारायचा. सामान्य माणूस 'कर' हा शब्द ऐकला की हातपाय गाळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण या वेळी त्याची गाठ आपल्याशी आहे.

काम ठरलं त्या वेळचा कागद काढ. त्यावर 'कर वेगळा' असं लिहिलं नसेल तर चार लाख म्हणजे चार लाख, वर एक छदामही नाही. बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक छापलाय का तेही बघ. नसेल तर बच्चमजी मेलेच. आणि भाऊजींचं या बाबतीत ऐकू नकोस. नात्यातल्या मुलांना कधी लाडाने हात लावला नाही, पण विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते पहिल्यापासून मेणाहून मऊ.

सोबत पत्राचा मसुदा पाठवतोय. एक शब्दही न बदलता स्वच्छ अक्षरात उतरवून काढ आणि त्याच्या हातात ठेव. असली पत्रं माझ्या हातांखालून हजारांनी गेली आहेत, त्यांचा परिणाम मला माहीत आहे. आणि तो पैसे भरून घेतल्याशिवाय दांडे बसवणार नाही म्हणाला तर त्याच्याकडे घराची किल्ली असेल ती सरळ काढून घे. घाबरू नकोस. मी आहे.

तुझं शेंडेफळ

१३ मार्च

श्री. कंत्राटदार यांस,

आपण दिलेल्या बिलात कर या सदराखाली रुजू केलेली साठ हजारांची रक्कम ही मूळ ठरावाशी विसंगत, अवाजवी आणि फसवणुकीच्या हेतूने वाढवलेली असल्याचे आमचे स्पष्ट मत झाले आहे. ठरावाच्या कागदावर कराचा कोणताही उल्लेख नाही व बिलावर नोंदणी क्रमांकही आढळत नाही. सबब सदर रक्कम तात्काळ वगळून सुधारित बिल सात दिवसांत सादर करावे, अन्यथा संबंधित खात्यातील वरिष्ठांकडे दाद मागितली जाईल, याची नोंद घ्यावी. खात्यात आमची माणसे आहेत.

तोवर आपण वा आपल्या कामगारांनी आमच्या आवारात पाऊल टाकू नये.

मास्तरांच्या पत्नी

१५ मार्च

काकूंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. मला अशी भाषा लिहिता येत नाही, त्यामुळे साधंच लिहितो.

काकू, ठरावाच्या कागदाला दोन पानं होती. तुमच्याकडे पहिलं आहे. दुसरं मी जानेवारीत स्वतः आणून सरांच्या हातात दिलं, तुम्ही तेव्हा बाजारात गेला होतात. कराचं सगळं दुसऱ्या पानावर आहे. सरांना विचारा. याच्यापुढे मला लिहिता येणार नाही.

बिल फाडलं म्हणजे कर मला भरावाच लागतो, तुम्ही दिलात तरी आणि नाही दिलात तरी. तो माझ्या खिशात जात नाही. नोंदणी क्रमांक बिलाच्या मागच्या बाजूला आहे, छापणाऱ्याने चुकीच्या बाजूला छापला.

पैशांचं नंतर बघू, पण दांडे आणि दार मला बसवू द्या. माल माझ्या टेम्पोत तयार आहे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. सरांची आंघोळ अडलीय ती बरी दिसत नाही. तुम्ही घरात नसलात तरी चालेल, मी सरांना सांगून आत येईन.

आपला,
चौदा नंबर

२० मार्च

प्रिय शेंडेफळ,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातली गत. त्याचं पत्र सोबत जोडलंय, वाच. म्हणे दुसरं पान होतं. म्हणे मी बाजारात होते. मी यांना विचारलं, असं काही पान त्याने दिलं होतं का? यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, आठवत नाही. आता सांग, आजारी माणसाची आठवण अधू झालीय हे बघून त्याच्यावर खोटं ढकलायचं, याला काय म्हणावं? साठ हजारांपेक्षा मला याचाच जास्त संताप आला.

सोमवारी तो टेम्पो घेऊन दारात आला. मी फाटकातच अडवलं. कामासाठी दिलेली घराची किल्ली परत मागितली. त्याने खिशातून काढून दिली, एक शब्द बोलला नाही. मीच बोलले, आणि चांगली तोंडभरून बोलले. गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या. शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या नव्या जिन्याचं काम त्याला द्यायचं ठरवलं होतं. त्यांनी संध्याकाळी येऊन मला विचारलं, काय प्रकार? मी सगळं सांगितलं, त्याचं पत्रही दाखवलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्याला नाही म्हणून कळवलं. तू खूश होशील म्हणून लिहितेय. मी पण खूश होते, मंगळवारपर्यंत.

मंगळवारी आंघोळीच्या वेळी खुर्चीचा पाय साबणाच्या पाण्यावरून सरकला आणि हे खाली आले. लागलं फारसं नाही, कोपर आणि मांडी काळीनिळी झालीय. पण मला यांना उचलता येईना. शेजारी हाक मारते म्हटलं तर हे डाव्या हाताने माझा पदर धरून बसले, कोणाला बोलवायचं नाही. अर्धा तास आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसलो होतो, शेंडेफळ. हे उघडे आणि मी भिजलेली. पाच पावलांवर ते बाथरूम, पांढऱ्या फरशांचं, दांड्यांवाचून अर्धवट पडलेलं. शेवटी स्टूल, मग खुर्ची, मग पलंग, अशी चढाई करत कसेबसे पोचलो. त्या दिवसापासून मी यांना नुसतं ओल्या फडक्याने पुसते.

मला आता कंटाळा आलाय. भांडून झालं, जिंकून झालं, आणि बाथरूम नाही ते नाहीच. दुसरा कारागीर बघितला तर तो म्हणतो, अर्धवट कामाला मी हात लावत नाही. तुझ्या खात्यातली ती वरिष्ठ माणसं कुठे आहेत? त्यांना म्हणावं, काहीतरी करा.

तुझी ताई

२६ मार्च

ताई,

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागला नाही. दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून जुन्या ऑफिसात गेलो. आता सगळे नवे चेहरे. पण चौकशीच्या टेबलावरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठलोच.

ताई, या कामावर कर लागतच नाही. घरातल्या अपंग माणसासाठी बाथरूम, उतार, दांडे असं काही केलं तर तो सगळा कर माफ असतो. एक पानाचा फॉर्म भरायचा, त्या माणसाने सही करायची, आणि तो कंत्राटदाराकडे द्यायचा. त्याने बिल करताना कर लावायचा नाही. संपलं. बाई म्हणाल्या, असली कामं घेणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला हे तोंडपाठ असतं.

म्हणजे चौदा नंबरला हे माहीत होतं. माहीत असून त्याने फॉर्म दिला नाही आणि वर साठ हजार मागितले. आता तर माझी खात्रीच पटली की माणूस पोचलेला आहे.

फॉर्म सोबत पाठवतोय. भाऊजींची सही घे, त्याच्या तोंडावर टाक आणि दांडे बसवून घे. तुझ्या धाकट्या भावाने इतक्या वर्षांत एक काम धड केलं असं म्हणायला हरकत नाही.

तुझं शेंडेफळ

३ एप्रिल

शेंडेफळ,

हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर समजून घे. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी हे टपालात टाकणार आहे. तुझ्या ताईला माहीत नाही.

तू पाठवलेला फॉर्म तिने माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा माझ्या खिशात होता. गेले चार दिवस असंच काहीतरी सांगतोय.

हा फॉर्म मी पहिल्यांदा बघत नाही. चौदा नंबरने जानेवारीत हाच आणला होता. दुसऱ्या पानाला टाचून. त्या पानावर लिहिलं होतं, फॉर्म भरला तर कर नाही, नाही भरला तर साठ हजार. तो म्हणाला, सर, इथे फक्त सही. मी वाचलं. 'मी कायमस्वरूपी अपंग असून दैनंदिन गरजांसाठी दुसऱ्याच्या मदतीवर अवलंबून आहे.' मी म्हणालो, कर लाव, मी बघतो. घरात बोलायचं नाही. तो नको म्हणत होता. मी आवाज चढवला. ते पान आणि तो फॉर्म माझ्या शिट्ट्यांच्या डब्यात आहेत.

मी तीस वर्षं पोरांच्या पालकांच्या चिठ्ठ्या वाचल्या. पोट दुखतंय, पाय मुरगळलाय, आज कवायतीला सोडा. मी सगळ्यांदेखत वाचून दाखवायचो. पोरं हसायची. ज्याची चिठ्ठी त्याची मान खाली. आता माझी चिठ्ठी मीच कशी लिहू? आणि 'कायमस्वरूपी' कोणी ठरवलं? डावा पाय चांगला आहे. उजवा घोटा आता थोडा हलतो. मी जूनपर्यंत चालणार आहे.

एक उपकार कर. साठ हजार मला उसने दे. ताईला सांग की तू खात्यात शब्द टाकून प्रकरण मिटवलंस. तिचा तुझ्यावर विश्वास आहे. मी शाळेकडून मागच्या पगाराचा फरक येणं आहे त्यातून फेडीन.

मला पुसून झालं की ती भिंत धरून सरळ होते. मला दिसतं. पण सही होत नाही.

तुझे भाऊजी

९ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं.

तुम्ही मला जे सांगितलंत ते सांगायला तुम्हाला किती जड गेलं असेल याची कल्पना आहे. म्हणून मीही एक सांगतो, जे आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही. मी खात्यात होतो, पण जावक विभागात. तीस वर्षं मी पाकिटांवर पत्ते लिहिले, तिकिटं चिकटवली आणि वहीत क्रमांक टाकले. 'असली पत्रं माझ्या हातांखालून हजारांनी गेली' हे ताईला लिहिलं ते खोटं नव्हतं, गोंदाने चिकटवून गेली. ताईने पहिल्या पगाराच्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, माझा भाऊ कर अधिकारी झाला. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी मूग गिळले, ते आजपर्यंत. कराचा कायदा मला तुमच्याइतकाच कळतो.

तो मसुदा मी खात्याच्या नोटिसांमधली वाक्यं आठवून जुळवला. फसवणूक हा शब्दही तिथलाच. त्या शब्दापायी एका माणसाचं काम गेलं, दाताच्या डॉक्टरांचा जिना. तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल. ताईने गल्लीत त्याचा उद्धार केला तेव्हा तो गप्प उभा होता, कारण तुम्ही त्याला गप्प बसायला सांगितलं होतंत.

साठ हजार माझ्याकडे नाहीत. वीस आहेत, ते आजच पाठवतोय. पण खात्यात शब्द टाकला असं मी ताईला सांगणार नाही, भाऊजी. माझ्या शब्दाची तिथे काय किंमत आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तिला सांगा. मला तुमच्या दोघांची काळजी वाटते, त्यात तिची थोडी जास्त, माझी बहीण आहे म्हणून.

तुमचा,
शेंडेफळ

२१ एप्रिल

शेंडेफळ,

यांना एका हाताने पाकीट फोडता येत नाही. जुलैपासून यांचं सगळं टपाल मीच फोडते. तीस वर्षं जावक विभागात काढलेल्या माणसाला, आपलं पत्र कोणाच्या हाती पडेल एवढं कळू नये? की कळत होतं म्हणूनच तसं पाठवलंस? काहीही असो, मी वाचलं. उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि खाली बसून संपवलं.

तुझ्यावर रागवायला मला वेळ झाला नाही. तुझी पाळी येईल. आधी पत्र यांच्या मांडीवर ठेवलं. शिट्ट्यांचा डबा आणला, त्यातलं दुसरं पान काढून तेही ठेवलं. यांनी दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाले, मी जूनपर्यंत चालायला लागणार आहे, कायमचा म्हणून कसं लिहून देऊ? मी इतके दिवस यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. आजारी माणूस म्हणून गिळत होते. त्या दिवशी गिळलं नाही.

"तुमचं कायमचं आहे की नाही ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "माझी कंबर कायमची गेलीय. तिची सही कुठे करू तेवढं सांगा."

मग स्वयंपाकघरात जाऊन त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रडले. लाज वाटत होती ती वेगळीच. मी फाटकात उभी राहून त्या माणसाला चोर म्हणाले होते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

संध्याकाळी फॉर्मवर सही होती. पहिलीतल्या मुलाने काढावी तशी, तिरकी, रेघेच्या बाहेर गेलेली. मी तो घडी घालून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो फॉर्म घेऊन मी चौदा नंबरच्या कामावर गेले. तो परांचीवरून खाली उतरला, भुवयांवर सिमेंट. मी माफी मागितली तर तोच कासावीस झाला, माझ्यासाठी बसायला पोतं झटकायला लागला. मी विचारलं, अरे, मी एवढं तोंड सोडलं, तुला खरं सांगता येत नव्हतं? तर म्हणतो, "सर म्हणाले, चौदा नंबर, तोंड बंद. मग मी काय करणार, काकू?" दोन मुलींची लग्नं झालेला माणूस, आणि यात काही वावगं आहे असं त्याला वाटतही नव्हतं.

आणि आता ऐक, तुझ्या टेबलावरच्या बाईंनी न सांगितलेलं. बिल मार्चमधलं, म्हणून त्याने एकतीस मार्चला साठ हजार भरून टाकले. स्वतःच्या खिशातून, उसने काढून. फॉर्म आता चालतो, पण परताव्याचा अर्ज करावा लागतो आणि त्याला वर्ष लागतं, कधी दोन. म्हणजे सही केली, घर ढवळून निघालं, आणि साठ हजार तूर्त गेलेच. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मी त्याला महिन्याला दहा हजार द्यायचे ठरवलेत, परतावा आला की तो मला देईल. तुझे वीस हजार मिळाले. ते मी परत करणार नाही. मसुद्याचा दंड समज. आणि अधिकारी नव्हतास हे मला कधी सांगितलं असतंस तरी मी लोकांना तेच सांगितलं असतं, एवढं तुला कळायला हवं होतं.

डॉक्टरांच्या जिन्याचं यांना तुझ्या पत्रातून कळलं होतं. परवा सकाळी हे म्हणाले, बूट दे. नऊ महिन्यांत बूट मागितले नव्हते. काठी घेतली, डावा पाय पुढे, उजवा ओढत. शेजारचं फाटक आमच्यापासून साठ-सत्तर पावलं असेल. वीस मिनिटं लागली. मी मागून चालत होते, हात लावायचा नाही अशी मला ताकीद होती. दवाखान्यात तिघं-चौघं गाल धरून बसलेले. डॉक्टर बाहेर आले, बसा म्हणाले. हे बसले नाहीत. कवायतीला उभं राहावं तसे, जमेल तेवढे ताठ राहिले.

"डॉक्टर, मी अपंग आहे," हे म्हणाले. "कायमचा. हे कागदावर लिहून द्यायची मला लाज वाटली, म्हणून बिलात कर लागला. चौदा नंबरने एक पैसा खाल्लेला नाही. त्याला मी गप्प बसवलं होतं."

जीभ अजून जड आहे यांची, त्यामुळे प्रत्येक शब्द सुटा सुटा आला. गाल धरलेल्या बाईंनी हात खाली घेतला. डॉक्टर बिचारे ओशाळले, म्हणाले, मला आधी कळलं असतं तर. जिना त्यांनी दुसऱ्याला दिलाय, आगाऊ रक्कमही दिलीय. यांनी मान हलवली आणि परत वळले. चौदा नंबरचं काम काही परत आलं नाही. येताना पंचवीस मिनिटं लागली, आणि घरी आल्यावर यांनी बूट काढताना मला हात लावू दिला.

शनिवारी तो आला आणि दांडे, दार, गरम पाणी सगळं अर्ध्या दिवसात करून गेला. जाताना यांनी त्याला जवळ बोलावलं आणि नावाने हाक मारली. तो दारातच थांबला, मग मान फिरवून टेम्पोकडे गेला.

आज सकाळी यांनी बाथरूमचं दार लावून घेतलं. मी बाहेर शिवण मांडीवर घेऊन बसले आणि एक टाकाही घातला नाही. पाणी सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. काहीतरी पडलं, साबण असावा. मी उठले आणि परत बसले. बराच वेळ आतून काही आवाज नव्हता, आणि तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. मग दार हातभर सरकलं.

"पाठीला हात पोचत नाही," आतून म्हणाले. "जरा येतेस?"

मी शिवण खाली ठेवून आत गेले.

तुझी ताई